मदत हवी आहे: पासवर्डवाल्या झिपचं करायचं काय? (ऑफिस मेल, अटॅचमेंट ब्लॉकिंग)

नमस्कार मंडळी,

सीएच्या ऑफिसात आहे, आम्ही १४ जण, वेगळा आयटीवाला कोणी नाही, प्रिंटर अडकला की मलाच हाक मारतात म्हणून हेही माझ्याच गळ्यात पडलंय. मागच्या आठवड्यात एका आर्टिकलने (सीए शिकणारा ट्रेनी) मेलमधली झिप उघडली, पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला, आत 'इन्व्हॉइस पीडीएफ' आणि ती पीडीएफ नव्हतीच, मागे ईएक्सई (म्हणजे चालणारा प्रोग्राम) होतं पण विंडोज एक्स्टेन्शन, म्हणजे फायलीच्या नावाची शेपटी, लपवतं ना, पोराला दिसणार कसं? (२००० सालचा आय लव्ह यू व्हायरस आठवतोय का, नावात टीएक्सटी (साधा मजकूर) आणि शेपटीला व्हीबीएस (स्क्रिप्ट), तीच युक्ती अजून चालते!) अँटिव्हायरसने पकडलं म्हणून वाचलो, तरी तो पीसी फॉरमॅट मारलाच. आता साहेबांचं एकच, "सगळं ब्लॉक करून टाक."

मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे. ईएक्सई, जेएस, व्हीबीएस, आयएसओ, एलएनके हे सगळे धोक्याचे फाइल प्रकार फिल्टरमध्ये टाकले, कोणाची काही तक्रार नाही. घोडं अडलंय ते पासवर्डच्या झिपपाशी. कुलूप लावलेल्या झिपच्या आतला माल स्कॅनरला वाचताच येत नाही, म्हणून 'अटॅचमेंटला पासवर्ड असेल तर क्वारंटाइन' (मेल बाजूला अडवून ठेवायचा) असा रूल लावून बघितला, तर दुपारपर्यंत अर्धं ऑफिस माझ्या टेबलापाशी. ट्रेसेसवरून (आयकर खात्याची टीडीएसची साइट) येणारे फॉर्म १६ झिपमध्येच, पासवर्ड टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा नंबर). बँक स्टेटमेंटच्या पीडीएफलाही पासवर्ड. शेवटी रूल काढला.

एक्सएलएसएमचीपण (मॅक्रो, म्हणजे आत आपोआप चालणारा कोड असलेली एक्सेल फाइल) तीच गत. जीएसटीआर-९ चं (जीएसटीचं वार्षिक रिटर्न) ऑफलाइन टूलच मॅक्रोवालं एक्सेल आहे, क्लायंट भरून मेल करतात, ते कसं बंद करू? २०२२ पासून ऑफिस नेटवरून आलेल्या फायलींचे मॅक्रो आपणहून अडवतं म्हणे, पण आमच्याकडे प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकवर टिक मारायची सगळ्यांना सवयच लागलीये.

एक गोष्ट लक्षात आली, साध्या झिपला पासवर्ड असला तरी आतल्या फायलींची नावं दिसतात, फक्त मजकूर उघडत नाही. मग नुसत्या नावांवरून, म्हणजे आत ईएक्सई किंवा जेएस दिसलं तरच अडव, असा रूल कोणी लावलाय का? की झिप मेलवर घ्यायच्याच नाहीत आणि क्लायंटला वनड्राइव्हची अपलोड लिंक द्यायची? आमचे निम्मे क्लायंट साठीच्या पुढचे आहेत, लिंक म्हटली की फोनच येतो. ठरावीक सेंडरना सूट द्यावी तर बहुतेकांचे साधे जीमेल, त्यांचंच अकाउंट हॅक झालं तर सूट देऊन उपयोग काय?

सीए किंवा टॅक्सच्या ऑफिसात हे कोणी निस्तरलं असेल तर प्लीज सांगा, आणि क्वारंटाइनमधून मेल सोडायचं काम तुमच्याकडे कोण करतं तेही.