भरिताच्या व्हिडिओत व्याकरणही असतं

ताई, स्वयंपाकाच्या इंग्रजी व्हिडिओतून फार तर भाज्यांची नावं कळतात, व्याकरणाला पुस्तकच लागतं, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. आपलं खान्देशी भरीतच घ्या. सांगणारी आधी म्हणते, 'टेक अ लार्ज ब्रिंजल', आणि लगेच पुढे 'रोस्ट द ब्रिंजल'. आधी कोणतंही एक वांगं चाललं असतं, म्हणून 'अ'. आता तेच, तेल लावून समोर ठेवलेलं, म्हणून 'द'. मराठीत अशी उपपदं नाहीत, त्यामुळे आपली मुलं नियम पाठ करूनही नेमकी इथेच अडतात. व्हिडिओत ते वांगं डोळ्यांसमोर असतं! मिरच्या मोजता येतात म्हणून 'फोर चिलीज', तेल तसं मोजता येत नाही म्हणून 'सम ऑइल'. आज्ञार्थ तर पावलोपावली.

फक्त नुसतं बघून भागत नाही. दुसऱ्यांदा आवाज बंद करून मुलांनाच बोलायला लावा. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते कपाशीच्या काड्यांवर कसं भाजतात हे सांगणारं इंग्रजी वाक्य पाठ्यपुस्तकात आयतं सापडायचं नाही. ते त्यांचं त्यांनाच जुळवू द्या, चुकलं तरी मध्येच टोकू नका.