मदत हवी आहे : डोंगरउतारावरील घरासाठी दरडीची पूर्वतयारी

नमस्कार. आमचे घर पोलादपूर तालुक्यात डोंगराच्या उतारावर असून तेथे वृद्ध आईवडील आणि दोन म्हशी असतात. २२ जुलै २०२१ रोजी शेजारच्या महाड तालुक्यातील तळियेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, तेव्हापासून अतिवृष्टीचा इशारा आला की आम्ही मुंबईत बसून नुसते फोन लावत राहतो. आणि नेमकी तेव्हाच तिकडची वीज व मोबाइलची रेंज गेलेली असते.

जमिनीला भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे अथवा आटणे ही धोक्याची लक्षणे आम्हांला ठाऊक आहेत. यंदा गोठ्यामागे बोटभर रुंदीची भेग दिसते आहे. वडील तिला उन्हाळ्यात तडकलेली माती म्हणतात, मला तसे वाटत नाही. ती पावसाळ्यापूर्वी मातीने बुजवून वर प्लास्टिक अंथरावे, की पाहणीसाठी तशीच ठेवावी? तहसील कार्यालयाकडे पाहणीचा अर्ज करताना सोबत काय जोडावे?

दुसरे असे की, इर्शाळवाडीची दरड रात्री कोसळली, त्यामुळे लक्षणे दिसण्याची वाट पाहणे मला पुरेसे वाटत नाही. घरच्या घरी पाऊस मोजून, किती मिलिमीटर झाल्यावर घर सोडायचे, असे कोणी ठरवले आहे का? औषधे, शिधापत्रिका, सातबारा, विजेरी यांची पिशवी तयार आहे, परंतु म्हशींना सोडून आई निघणार नाही. त्यांची सोय आपण कशी केलीत, हे कृपया सविस्तर कळवावे.