भाऊ जेलात आहे, त्याची एआरटीची गोळी बंद पडलीय. काय करावं?

निपाणीची अक्का

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ जमिनीच्या भांडणातल्या मारामारीच्या केसमध्ये आत आहे, जामीन अजून झालेला नाही. त्याला एचआयव्ही आहे. त्यावरचं औषध, म्हणजे एआरटी, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातून चालू होतं. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं म्हणजे तिकडच्या रांगेत गावातलं कुणी भेटत नाही. रात्री जेवण झालं की एक गोळी, त्यानं कधी चुकवली नाही. मागच्या व्हायरल लोडच्या रक्ततपासणीत विषाणू सापडलाच नव्हता.

अटकेच्या गडबडीत डबी घरीच राहिली. ती घेऊन मुलाखतीला गेले तर गेटवर म्हणाले, बाहेरचं औषध आत जात नाही, कशाची गोळी आहे ते सांगा. माझ्या मागं आमच्याच गल्लीतली दोघं उभी होती. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, तशीच परत आले. भावानंही आत कुणाला सांगितलेलं नाही. बराकीत कळलं तर ताट वेगळं करतील म्हणतो. आईला यातलं काहीच माहीत नाही. सांगायचं तर कुणाला, कसं? आणि अर्ज कन्नडमध्येच द्यावा लागतो का?

चिक्कोडी कोर्ट

ताई, कायदा तुमच्या बाजूनं आहे. एचआयव्हीबद्दलचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. सरकारच्या ताब्यात असलेल्या प्रत्येकाला तपासणी, समुपदेशन आणि उपचार मिळण्याचा हक्क त्यात लिहिलाय. एचआयव्ही आहे म्हणून वेगळं ठेवणं हा भेदभाव धरला जातो, आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय ही माहिती दुसऱ्याला सांगता येत नाही. त्याला अपवाद आहेत, पण बराकीतली चर्चा त्यात बसत नाही.

वकील नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अर्ज कन्नडमध्ये तेच करून देतील. औषध सुरू करण्याचा आदेश जेलला द्यावा, असा अर्ज कोर्टात करता येतो. त्यात आजाराचं नाव उघड लिहायला नको, 'नियमित औषधोपचार खंडित झाला आहे' एवढं लिहून वैद्यकीय कागद बंद पाकिटात द्यावेत.

घाटप्रभा

माझं मत वेगळं आहे. आमच्या नात्यातल्या एकानं असंच विश्वासानं सांगितलं आणि आठवड्यात गावापर्यंत बातमी आली. त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. कायदा कागदावर राहतो हो. सुटून येईपर्यंत गप्प बसलेलं बरं.

मलप्रभाकाठ

अक्का, मी स्वतः ही गोळी घेतो आणि आत राहून आलोय, म्हणून लिहितोय.

घाटप्रभा, तुमच्या घरी जे झालं ते फार वाईट झालं, आणि ती भीती खोटी नाही. पण गप्प बसा हा सल्ला मी कुणालाही देणार नाही. दोनचार दिवस गोळी चुकली तर लगेच काही होत नाही, पण आठवडे गेले की दबलेला विषाणू परत वाढतो, आणि कच्च्या कैद्याला किती दिवस काढावे लागतील ते कुणी सांगू शकत नाही. त्यात बराकीत माणसाला माणूस चिकटून झोपतो. एकाला टीबी असला की खोकला सगळ्यांच्या वाट्याला येतो, आणि प्रतिकारशक्ती उतरलेल्याला तो आधी धरतो. आमच्या आजारात माणसं जास्त करून टीबीनं जातात. मी हे समोर बघितलंय. माझ्या शेजारी वळकटी टाकणारा पोरगा कुणाला न सांगता खोकत राहिला. त्याला दवाखान्यात न्यायला फार उशीर झाला.

तेव्हा सांगायचं, पण डॉक्टरलाच. गेटवर नाही, वॉर्डरला नाही, मुकादमाला तर नाहीच. भावाला म्हणावं, सकाळची गिनती झाली की दवाखान्यात नाव लिही, कारण विचारलं तर 'जुनी गोळी चालू आहे' एवढंच सांग, बाकीचं डॉक्टरसमोर. तुम्ही इकडं सीपीआरमध्ये जाऊन तिथल्या समुपदेशकाला सगळं सांगा आणि ट्रान्सफरचं पत्र मागा. नोंदणी बेळगावला बिम्सच्या, म्हणजे आपल्या सिव्हिलच्या, एआरटी सेंटरला वळवता येते. राज्य बदललं म्हणून अडत नाही, कार्यक्रम सगळ्या देशाचा एकच आहे. मग औषध सरकारी वाटेनंच आत जातं, गेटवर तुम्हाला डबी दाखवावी लागत नाही. सिव्हिलमध्ये माझं सगळं मराठीतच झालं. काही अडलं तर 1097 ला फोन करा, पैसे पडत नाहीत.

आता डबीचं सांगतो. तीस गोळ्यांची प्लास्टिकची डबी असते, उशाखाली ठेवली तर कूस बदलली की खडखडते. बराकीत त्या आवाजाला कान लागलेले असतात. मी डबी दवाखान्यातच ठेवायला लावली. रोज सकाळी तिथं जाऊन कंपाउंडरसमोर गोळी गिळायची आणि परत यायचं. बीपी, शुगरवाले बरेच त्याच रांगेत असतात, त्यामुळं कुणाला वेगळं वाटत नाही. भाऊ रात्री घेतो म्हणालात, पण संध्याकाळी बराक बंद होते. हल्लीची जी एक गोळी आहे, टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोलुटेग्राविर, ती सकाळी घेतली तरी चालते. वेळ एक ठरली पाहिजे. चुकलेल्या दिवसांच्या म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. टीबीचं औषध लागलं तर एआरटीच्या डॉक्टरला कळलंच पाहिजे, तेव्हा डोलुटेग्राविर बारा तासांनी आणखी एकदा द्यावं लागतं. हे जेलातल्या डॉक्टरच्या लक्षात आणून द्यायला भावानं लाजू नये.

आणि ताटाचं. एका ताटात जेवल्यानं हा आजार होत नाही, हे भावाला माहीत असणारच. तरी ताट वेगळं केलंच तर सहन करू नये, वकिलाला सांगावं.

निपाणीची अक्का

दादा, तुमचं वाचून रडू आलं आणि धीरही आला. उद्याच सीपीआरला जाते. जामीन झाला तर काय करायचं तेवढं सांगा.

मलप्रभाकाठ

हे बरं विचारलंत, खरी गोळी तिथं चुकते. जामिनाचा हुकूम जेलात पोचेपर्यंत संध्याकाळ होते, माणूस अंधार पडल्यावर अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर येतो आणि डबी दवाखान्याच्या कपाटात राहते. नंतर ती आणायला परत त्या गेटवर कोण जाणार? म्हणून जामिनाचा अर्ज लागला की त्याच दिवशी भावानं डॉक्टरला सांगून ठेवावं, सुटताना उरलेली डबी आणि एआरटीचं पुस्तक हातात द्या. तुमच्या घरी पहिली डबी आहेच, तिची तारीख बघून ठेवा आणि न्यायला जाताना पिशवीत टाका. कोल्हापूरला परत नाव लावायचं की बेळगावलाच ठेवायचं ते नंतर निवांत ठरवा. सीपीआरचं काय झालं ते इथं लिहा.