ओट्याला जोड हवी: मधोमध आयलंड की चाकांची ट्रॉली? तुमचे अनुभव लिहा

ओटा पुरत नाही म्हणून गेले दोन महिने आमच्या घरात एकच चर्चा चालू आहे. मधोमध पक्कं आयलंड (म्हणजे भिंतीला न लागलेला, चारही बाजूंनी मोकळा ओटा) करून घ्यायचं, की चाकांची ट्रॉली आणायची? (ट्रॉली म्हणजे ओट्याखालचे ओढायचे खण नव्हेत, ढकलत न्यायचं टेबल म्हणतेय मी.) फोटोंमध्ये सगळंच देखणं दिसतं. पण फोटोत कोणी फ्रिजचं दार उघडून विचारात उभं नसतं, आणि मागून गरम पातेलं घेऊन "सरक, सरक" करत कोणी येत नसतं.

आमच्याकडे ओट्याची कड ते समोरच्या फ्रिजचं दार, मधली मोकळी जागा २१० सेंमी आहे. फर्निचर करणाऱ्याने ७५ सेंमी रुंद आणि १२० सेंमी लांब आयलंड काढून दिलंय. "आरामात बसतं," म्हणाला. आयलंड बसतंय हो, आम्ही कुठे उभं राहायचं ते त्या कागदावर नाही.

ज्यांनी केलंय, करून पस्तावलेत, किंवा न करताच भागवलंय, सगळ्यांनी लिहा. आणि कृपा करून मापं द्या. "प्रशस्त" आणि "सुटसुटीत" ऐकून कान किटलेत.

*

पस्तावलेल्यांत माझा पहिला नंबर. आमचं आयलंड चार वर्षं होतं, पाचव्या वर्षी तोडलं.

ओटा आणि आयलंड यांच्यामध्ये ७५ सेंमी ठेवले होते. रिकाम्या खोलीत खडूने आखलं तेव्हा भरपूर वाटले. नंतर त्या बाजूला डिशवॉशर आला. त्याचं दार खाली पाडलं की जेमतेम १५ सेंमी उरायचे, त्यातून आमचं मांजर तेवढं जायचं. भांडी लावत असताना कोणाला पाणी हवं असेल तर सगळ्या आयलंडला प्रदक्षिणा. चार वर्षं रोज.

तोडल्यावर मापं वाचली, म्हणजे उलट्या क्रमाने अक्कल आली. अमेरिकेतल्या नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशनच्या शिफारशींनुसार एकटं माणूस काम करणार असेल तर मधली वाट किमान १०७ सेंमी (४२ इंच) हवी, दोघं असतील तर १२२ सेंमी (४८ इंच). नुसतं येण्याजाण्यापुरतं असेल तर ९१ सेंमी (३६ इंच). आणि हे अंतर खालच्या कपाटापासून नाही, ओट्याच्या कडेपासून मोजायचं, कारण कड दोनतीन सेंमी पुढे आलेली असते. दारं, खण, ओव्हन सगळं उघडं ठेवून मोजा.

तुमचा हिशोब मी करून टाकते: २१० वजा ७५ म्हणजे १३५. दोन्ही बाजूंना वाटून प्रत्येकी साडेसदुसष्ट. त्या माणसाला चहा पाजा आणि परत पाठवा.

*

ट्रॉली घेणार असाल तर आधी चाकं बघा, मग बाकीचं. मी उलट केलं.

वरची फळी छान जाड, खाली दोन कप्पे, बाजूला टॉवेलची दांडी. चाकं मात्र जेमतेम ५ सेंमीची, टणक प्लॅस्टिकची. दर फरशीच्या सांध्यावर सगळी भांडी खडखडायची. ब्रेक चारांपैकी दोनच चाकांना, तेही एकाच बाजूला. पीठ मळायला घेतलं की ट्रॉली गोल फिरायला लागायची आणि मी तिच्यामागे. शेवटी कंबर लावून तिला ओट्याशी दाबून धरायचो.

मग चाकं बदलली. १० सेंमीची, पॉलियुरेथेनची (रबरासारखं प्लॅस्टिक), चारही ब्रेकवाली. ब्रेक दोन तऱ्हेचे असतात हे तेव्हा कळलं. एकात चाकाचं घरंगळणं थांबतं, पण चाक स्वतःभोवती वळतच राहतं, त्यामुळे ट्रॉली डुलत राहते. दुसऱ्यात दोन्ही हालचाली बंद होतात. कामाची ट्रॉली असेल तर दुसऱ्या तऱ्हेचेच घ्या.

आता गंमत. मोठ्या चाकांनी ट्रॉली साडेचार सेंमी उंच झाली, म्हणून पाय तेवढे कापावे लागले. आणि इतकं करून ती बाहेरच्या खोलीत जात नाही, कारण मध्ये उंबरा आहे. जेवणाचं सामान त्यावरून ढकलत नेऊ म्हणून तर आणली होती.

*

उंचीचा विषय निघालाच आहे तर. तयार सामान बहुतेक ९१ सेंमीच्या आसपास असतं. माझी उंची १५० सेंमी. हात दुमडून उभी राहिले तर कोपर जमिनीपासून ९४ वर येतं. चिरण्याकापण्यासाठी पृष्ठभाग कोपराच्या १० ते १५ सेंमी खाली असावा असा सर्वसाधारण ठोकताळा आहे, म्हणजे मला ७९ ते ८४ पाहिजे. जिथे अंगाचं वजन टाकून मळायचं तिथे आणखी खाली चालतं. वर्षानुवर्षं खांदे उचलून चिरत होते आणि मान दुखते म्हणून उशा बदलत होते!

नवरा १८३ सेंमी. त्याला माझं टेबल म्हणजे वाकून शिक्षा. आमच्याकडे आता ओटा त्याच्या उंचीचा आणि ट्रॉली माझ्या उंचीची. एकमेकांच्या जागेवर कोणी जात नाही, हा फायदा धरला नव्हता.

*

मी काहीच आणलं नाही. तरी लिहितो.

कारखान्यात कामाच्या जागांची मांडणी ठरवणं हा माझा पेशा. आमच्या क्षेत्रात लिलियन गिलब्रेथ हे मोठं नाव. बाईंनी १९२९ मध्ये ब्रुकलिनच्या एका गॅस कंपनीसाठी 'किचन प्रॅक्टिकल' नावाचं स्वयंपाकघर रचलं. कामाच्या वस्तू हाताशी आणायच्या आणि पावलं वाचवायची हा त्यामागचा विचार, आणि त्यात चाकांचं टेबलही होतं. म्हणजे ट्रॉली ही काही आजची फॅशन नाही. पुढे १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासातून शेगडी, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण प्रसिद्ध झाला: प्रत्येक बाजू साधारण १.२ ते २.७ मीटर, तिन्ही मिळून ७.९ मीटरच्या आत. आयलंड या त्रिकोणाची बाजू कापत असेल तर दर फेरीला वळसा पडतो.

हे सगळं घरी ऐकवल्यावर बायको म्हणाली, "मग मोज की." मोजलं. एका सकाळी तिची पावलं, दुसऱ्या सकाळी माझी. पावलं ठीकच निघाली. मग ओट्यावर कायम पडून असलेल्या वस्तू मोजल्या. अकरा! त्यांतल्या सात आठवड्यातून एकदाही न लागणाऱ्या. त्या माळ्यावर गेल्या आणि ७० सेंमी ओटा मोकळा झाला. प्रश्न जागेचा नव्हता, आमच्या पसाऱ्याचा होता. (माळा भरला, तो विषय वेगळा.)

*

वरचा पृष्ठभाग कशाचा, यावर कोणीच लिहिलेलं दिसत नाही. तिन्ही वापरून झालेत, म्हणून सांगते.

लाकूड: हाताला सर्वांत सुखाचं, सुरीची धार टिकते. पण निगा हवी. पहिल्या वर्षी मी त्याला स्वयंपाकाचंच तेल चोळलं. महिन्याभरात चिकट आणि खवट वास. खाद्यवापराला चालणारं मिनरल ऑइल लावायचं असतं, ते खवट होत नाही. लाकूड कोरडं, फिकट दिसायला लागलं की परत एक हात. पाणी साचू द्यायचं नाही.

संगमरवर: दिसायला राजस. लिंबाचा थेंब पडला की तिथली चकाकी जाते. डाग नाही, दगडच खरवडला जातो, त्यामुळे पुसून जात नाही. माझ्या फळीवर पेल्यांच्या बुडांचे गोल आहेत, आता त्याला नक्षी म्हणते.

स्टील: गरम भांडं थेट ठेवा, काही होत नाही. ओरखडे पडतात आणि आवाज फार. खाली लाकडी फळी चिकटवलेली असेल तर आवाज बराच कमी होतो.

ग्रॅनाइट चाकांवर घालू नका. २ सेंमी जाडीचा एक चौरस मीटर साधारण ५४ किलो भरतो. तोही उंचावर. आणि दाबलेल्या भुशाच्या फळीची ट्रॉली घेतली असेल तर तिच्या कडा बंद आहेत ना ते बघा, एकदा पाणी आत शिरलं की फळी फुगते आणि परत बसत नाही.

*

उंचावरच्या वजनावरून आठवलं. अरुंद ट्रॉली, एकाच बाजूला तीन खण, तिन्ही भरलेले. दीड वर्षाच्या भाच्याने खालचा खण उघडून त्यावर पाय दिला. मी हाताच्या अंतरावर होते म्हणून पडता पडता धरली. त्या दिवसापासून जड भांडी तळाला, आणि वापर नसेल तेव्हा ट्रॉली भिंतीतल्या कडीला अडकवलेली. लहान मूल घरात असेल तर अरुंद आणि उंच असं काही घेऊच नका.

*

आयलंडला इतक्या शिव्या बसल्यात म्हणून बाजू घेतो. आमच्याकडे दोन्ही बाजूंना सव्वा मीटर वाट आहे आणि घरातलं सगळं आयुष्य त्याच्याभोवती चालतं. मुलांचा अभ्यास, भाजी निवडणं, भांडणं.

पण दोन गोष्टी फरशी बसायच्या आधी ठरवा. एक, वीज. आमच्याकडे जमिनीखालून नळी टाकायची राहिली, आता मिक्सर ओट्यावरच. वायर वाटेवरून ओढायची नाही हा घरचा कायदा. दुसरं, बसायचं असेल तर गुडघ्यांना जागा. ९१ सेंमी उंचीला फळी ३८ सेंमी पुढे हवी आणि माणशी ६० सेंमी रुंदी. आम्ही २० सेंमी ठेवली. चार उंच स्टुलं आणली, त्यावर माणसं तिरकी बसतात. आणि दगडाची फळी इतकी पुढे काढायची तर खालून आधार घ्या, अधांतरी सोडू नका.

शेगडी मधोमध ठेवायचा मोह झाला होता. वरून टांगायच्या चिमणीची भानगड ऐकली आणि मोह ओसरला.

*

आई व्हीलचेअरवर आहे. तिला कप्पे असलेलं काहीच उपयोगाचं नाही, गुडघे आत गेले पाहिजेत. सुताराकडून साधं चार पायांचं टेबल करून घेतलं: खाली ७० सेंमी मोकळी उंची, ८० सेंमी मोकळी रुंदी, कडा गोल. चाकं मुद्दाम नाहीत, कारण ती टेबलाला धरून पुढे सरकते. तीन वर्षांनी ती परत स्वतः भाजी चिरते, आणि माझं चिरणं किती जाडंभरडं असतं हेही सांगते.

*

भाड्याचं घर. इस्त्रीचं टेबल. वर मोठा पाट. नव्हे, लिहू नये असं वाटतंय. ते कलंडलंच एकदा.

*

सगळ्यांचं वाचलं, अकरा वस्तूंवाल्यांचं दोनदा. आमच्या निघाल्या नऊ. चार हलल्या, पाचांवर वाटाघाटी चालू आहेत.

रविवारी वर्तमानपत्रं चिकटवून ७५ बाय १२० चा तुकडा केला आणि जमिनीवर चिकटपट्टीने डकवला. आठवडाभर त्यावर पाय द्यायचा नाही असं ठरलं. सोमवारी सकाळीच फ्रिजकडची कड फाटली. बुधवारी ओट्याकडची. शुक्रवारी ४५ सेंमी रुंदीचा नवा तुकडा डकवला, फ्रिजशेजारच्या भिंतीला लागून. तो अजून शाबूत आहे. माझं कोपर ९८ वर येतं, म्हणजे ट्रॉली ८५ ची बघायची, चाकं धरून.

उंबऱ्याचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं. आमचा दोन सेंमी उंच आहे. कोणाची ट्रॉली एवढ्यावरून जाते का?