आजी नरकात असेल तर मी स्वर्गात जाऊन करू काय?

खाडीकाठची

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. मी वेंगुर्ल्याकडची, आई कॅथलिक, पप्पा हिंदू. आम्हा दोन्ही भावंडांचा बाप्तिस्मा झालाय, मी चर्चच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनाविधीला, जाते आणि मनापासून जाते. पण मला वाढवलं ते आजीने, पप्पांच्या आईने. आईची नोकरी होती त्यामुळे दिवसभर मी आजीच्या पदराला. तुळशीपुढे दिवा, देवळात गाऱ्हाणं, चतुर्थीला गणपती, शेवटपर्यंत ती तिच्या देवांची होती, आणि आईला चर्चला जायला तिने कधी एका शब्दाने अडवलं नाही. मागच्या वर्षी मे महिन्यात गेली.

यंदा ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आमच्याकडे प्रार्थना शिबीर झालं, प्रवचनकार बाहेरून बोलावले होते. त्यांनी माइकवर सरळ सांगितलं की ज्याने येशूला स्वीकारलं नाही तो कितीही चांगला असू दे, त्याची जागा अग्नीत, आणि ती कायमची. आजूबाजूच्या बायका आमेन म्हणत होत्या. मी उठून बाहेर आले आणि पायरीवरच बसले, पुढे चालवेना.

मी सहावीत होते तेव्हा आईला टायफॉईड झाला होता. आजी रोज तिन्हीसांजेला वाडीतल्या क्रूसाकडे मेणबत्ती लावायला जायची. खाडीचा वारा असतो, मेणबत्ती टिकत नाही, म्हणून नारळाची करवंटी घेऊन जायची आणि तिच्यात मेण ओतून मेणबत्ती उभी करायची. क्रूसाला काय म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं, ती आपलं देवळात घालतात तसंच गाऱ्हाणं घालायची, "बाबा रे, माझ्या सुनेक बरा कर, काय चुकला माकला आसात ता पोटात घाल." मी शेजारी उभी असायचे, माझ्या हातात काडेपेटी.

आता तो देव तिला जाळणार? देव प्रेम आहे असं योहानाच्या पत्रात लिहिलंय, मी लहानपणी पाठ केलंय ते. आणि समजा मी स्वर्गात गेले, तर तिथे आजीला विसरून सुखात राहायचं का? विसरले तर मग ती मी कसली? मला देव सोडायचा नाहीये, म्हणून तर विचारतेय. जास्त विचार करू नकोस असं कृपया कोणी सांगू नका, ते घरी ऐकून झालंय.

सुरंगीचा_वळेसर

ताई वाचून डोळ्यांत पाणी आलं. नरक बिरक काही नसतं गं, माणसांनी माणसांना धाकात ठेवायला काढलेली गोष्ट आहे ती. आजी जिथे असेल तिथे सुखात असेल, तू शांत झोप.

खाडीकाठची

थँक्यू ताई, मनापासून. पण येशूच्याच तोंडी नरकाग्नी हा शब्द आहे, एकदा नाही अनेकदा. त्याची क्षमा तेवढी घ्यायची आणि हे पान दुमडून ठेवायचं हे मला जमत नाही.

धर्मशिक्षणाचा_तास

पोरी, मी सावंतवाडीकडचा, बरीच वर्षं रविवारी मुलांना धर्मशिक्षण शिकवलं. तुझा प्रश्न मलाही एका मुलाने विचारला होता आणि मी तेव्हा त्याला गप्प बसवलं, त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे नरकाग्नी ज्या शब्दासाठी आलाय तो मुळात गेहेन्ना, आणि ती यरुशलेमच्या दक्षिणेची खरीखुरी दरी आहे, हिन्नोमचं खोरं. तिथे शहराचा कचरा सतत जळत असायचा असं तू कुठेतरी ऐकशील, मीही वर्गात तेच सांगायचो, पण तो खुलासा येशूनंतर हजाराहून जास्त वर्षांनी, दाविद किम्ही या ज्यू पंडिताच्या लिखाणात दिसतो, त्यावर फार भार टाकू नये. बायबलमध्ये त्या खोऱ्याबद्दल जे आहे ते कचऱ्यापेक्षा भयंकर आहे. आहाज आणि मनश्शे या राजांच्या काळात तिथे लोकांनी स्वतःची मुलं आगीत होम केली. आणि त्यावर देव यिर्मया संदेष्ट्याच्या तोंडून काय म्हणतो ते ७व्या अध्यायाच्या ३१व्या ओवीत बघ: हे मी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. लेकरं आगीत टाकणं हे ज्याच्या मनातही आलं नाही असं तो स्वतः सांगतो, त्याच्यावर आपण नेमकं तेच ढकलतोय का, हा प्रश्न मला म्हातारपणी पडला. नरक नाही असं यातून निघत नाही. पण ती आग पेटवायला देवाला आवडतं हे तरी निघतं का, मला नाही वाटत.

दुसरं, तुझ्या आजीचं. चर्चच्या बाहेर तारण, म्हणजे मुक्ती, नाही हे वाक्य फार जुनं आहे. पण अमेरिकेत बॉस्टनला फादर फीनी म्हणून होते, ते त्याचा अर्थ अगदी त्या प्रवचनकारांसारखाच लावायचे. १९४९ साली रोमहून पत्र आलं की हा अर्थ चर्चचा नव्हे. ते ऐकेनात, रोमला बोलावलं तर गेले नाहीत, शेवटी १९५३ला त्यांनाच बहिष्कृत केलं, पुढे बऱ्याच वर्षांनी समेट झाला. नंतर कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली लिहूनच ठेवलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि मनातल्या हाकेप्रमाणे वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. ही चर्चची अधिकृत शिकवण आहे, माझी पदरची नाही. आणि चर्चने आजवर हजारो संत जाहीर केले, पण अमुक एक माणूस नरकात आहे असं एकाही माणसाचं नाव घेऊन कधी जाहीर केलेलं नाही. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचंसुद्धा नाही.

मिरकरवाडा_रत्नागिरी

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. मी पण ख्रिस्ती, पण कॅथलिक नाही. माझा धाकटा भाऊ बोटीवर खलाशी होता. वाऱ्याचा इशारा आला होता, बाकीच्या बोटी बंदरात फिरल्या, आमच्या मालकाने वायरलेसवरून सांगितलं अजून एक वाण मारून या, म्हणजे अजून एकदा जाळं टाकून या. चार जण गेले, दोघांची बॉडी मिळाली, भावाची नाही. केस उभी राहिली नाही, मालकाने पुढच्या सीझनला नवी बोट उतरवली. म्हणून कोणी मला नरक नाही म्हणालं की माझ्या डोक्यात जातं. माझ्या आईचा हिशोब कोण करणार? देव प्रेमळ आहे म्हणजे त्याने हे बघून न बघितल्यासारखं करायचं का, ते प्रेम माझ्या भावावर तर नाहीच.

संत ऑगस्टीनने फार आधी दाखवलंय की मत्तयच्या शुभवर्तमानात २५व्या अध्यायाच्या शेवटच्या ओवीत शिक्षेला आणि जीवनाला एकच शब्द लावलाय, सार्वकालिक. शिक्षा संपते म्हणाल तर जीवनही संपतं म्हणायला लागेल. त्याला उत्तर द्या.

पण ताई, तोच अध्याय तू शांतपणे वाच. तिथे डाव्या बाजूला, शिक्षा होणाऱ्यांत, कोण उभे आहेत? भुकेल्याला खायला दिलं नाही, तहानेल्याला पाणी दिलं नाही, आजाऱ्याची विचारपूस केली नाही ते. आणि उजवीकडचे विचारतात की प्रभू आम्ही तुला कधी बघितलं? म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं कोणाचं करतोय ते. आजाऱ्या सुनेसाठी वाऱ्यात करवंटी घेऊन जाणारी बाई मला तरी त्या अध्यायात डावीकडे दिसत नाही. मी नरक मानतो, कडक मानतो. पण तो माझ्या भावाला दर्यात सोडणाऱ्यासाठी आहे, तुझ्या आजीसाठी नाही.

धर्मशिक्षणाचा_तास

भाऊ, तुमच्या घरच्या दुःखापुढे काय बोलणार. न्याय हवाच, मीही नरक पुसून टाका म्हणत नाही. आमची शिकवण अशी की देव कोणाला आत ढकलत नाही, माणूस स्वतःच शेवटपर्यंत पाठ फिरवून बसतो, तो दुरावा म्हणजे नरक. ऑगस्टीनचा मुद्दा भक्कम आहे. त्याच्या आधीच्यांमध्ये मात्र एकमत नव्हतं, निस्साचा बिशप ग्रेगरी म्हणायचा की ती आग सोनं तापवून गाळ काढते तशी आहे आणि शेवटी सगळे देवाकडे येतील. ओरिजेन या त्याहून जुन्या ख्रिस्ती पंडिताच्या नावावर असलेली तशीच मतं ५५३ च्या चर्चच्या परिषदेत धिक्कारली गेली, पण ग्रेगरी आजही संतच आहे. सगळ्यांचं तारण होईलच असं मी म्हणू शकत नाही. तशी आशा ठेवू शकतो, आणि तशी प्रार्थना करणं तर आपलं कामच आहे.

देवबाग_मालवण

मी हिंदू, चालत असेल तर बोलतो. आमच्याकडे नरक आहेतच, भागवतात २८ मोजलेत, पण बहुतेक परंपरांत भोग संपला की जीव सुटतो. बहुतेक म्हटलं कारण मध्वाचार्यांनी काही जीवांना कायमचं अंधतमस, म्हणजे न संपणारा काळोखी नरक, सांगितलंय, आणि गोव्यातला पर्तगाळी मठ त्यांच्याच परंपरेतला, तेव्हा हा प्रश्न फक्त तुमच्या चर्चचा आहे असं समजू नको.

तुझं शीर्षक वाचल्यावर मला धर्मराज आठवला. लहानपणी गणपतीत आमच्याकडे पोथी वाचायचे, महाभारताचं शेवटचं पर्व. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तर समोर दुर्योधन थाटात बसलेला, आणि आपले भाऊ कुठेच नाहीत. तो म्हणतो मला माझी माणसं दाखवा. देवदूत त्याला काळोखातून, घाणीतून, कुजलेल्या मढ्यांवरून नेतो, वास सहन होत नाही म्हणून तो मागे फिरतो, तेवढ्यात काळोखातून आवाज येतात, थांब जरा, तू आलास म्हणून गार वारा लागला. कोण तुम्ही विचारतो तर कर्ण, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव, द्रौपदी. तेव्हा तो देवदूताला सांगतो, जा तू, ज्यांनी पाठवलंय त्यांना सांग मी इथेच राहणार. आणि मग इंद्र येतो आणि तो सगळा काळोख नाहीसा होतो.

म्हणजे तू जे विचारलंस ते त्याने करून दाखवलं. माझ्या माणसांशिवायचा स्वर्ग मला नको असं म्हणणारा अधर्मी ठरला नाही, त्याला धर्मराजच म्हणतात.

धर्मशिक्षणाचा_तास

किती छान आठवण दिलीत. बायबलमध्ये प्रेषित पौलसुद्धा हेच म्हणतो बघा, रोमकरांस पत्र ९:३, माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तुटलो तरी चालेल. आणि आम्ही प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची कबुली, म्हणतो त्यात येशू क्रूसावर मेल्यावर अधोलोकात उतरला असं आहे. माणसाला जे सुचतं ते देवाने आधीच केलेलं आहे, तो खाली गेला.

हर्णै_बंदर

सलाम सगळ्यांना. आमच्याकडे पण जहन्नम आहे आणि लहानपणी मदरशात ऐकून रात्री झोप यायची नाही. मग माझ्या आज्जानी एक हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांची आठवण, सांगितली ती तुम्हाला सांगतो, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. युद्धातल्या कैद्यांमध्ये एक बाई आपलं बाळ शोधत वेड्यासारखी फिरत होती, बाळ दिसलं की छातीशी धरून दूध पाजायची. पैगंबरसाहेबांनी सोबतच्या लोकांना विचारलं, ही बाई स्वतःच्या लेकराला आगीत टाकेल का? ते म्हणाले, नाही, तिच्या हातात असेल तोवर नाही. साहेब म्हणाले, या बाईची लेकरावर आहे त्याहून अल्लाहची आपल्या बंद्यांवर माया जास्त आहे. बस, मला त्याच्यापुढे कोणाचं प्रवचन लागत नाही.

खाडीकाठची

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. मिरकरवाड्याच्या दादा, तुमच्या भावासाठी आज रोझरी, आमची जपमाळ, म्हटली, तुम्ही म्हणालात ते मला पटलं, न्याय नको असं मला कधीच म्हणायचं नव्हतं. मत्तय २५ आईला पण वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून माजघरात गेली, आजीची काठी अजून तिथे कोपऱ्यात आहे ती पुसून परत ठेवली.

सर, एकच विचारायचं होतं, आजी ख्रिस्ती नव्हती तरी तिच्या नावाने मिस्सा सांगता येतो का? की फादर नाही म्हणतील?

धर्मशिक्षणाचा_तास

येतो. चर्चच्या कायद्यात कलम ९०१ आहे, धर्मगुरूला कोणाहीसाठी मिस्सा अर्पण करायची मोकळीक आहे, जिवंत असो की मृत. बिनधास्त जा. २ नोव्हेंबरपर्यंत, मृतांच्या स्मरणदिनापर्यंत, थांबायचीही गरज नाही.

खाडीकाठची

शनिवारी जाते. वाटेत क्रूसाकडे मेणबत्ती पण लावीन, करवंटी आईने धुवून उन्हात ठेवलीय. चिठ्ठीवर आजीचं कागदोपत्री नाव लिहू की घरात सगळे हाक मारायचे ते? कागदावरच्या नावाने तिला कोणीच ओळखत नव्हतं.