कसाव्यातील मोझॅक प्रतिकार: रोपांचे गुणोत्तर जुळत नाही

प्रश्न (पदव्युत्तर विद्यार्थिनी, शिवाजीनगर, पुणे):
नमस्कार. आपला उपवासाचा साबुदाणा तमिळनाडूतील ज्या सेलम पट्ट्यातून येतो, तिथल्या कसावा या कंदपिकावरील मोझॅक या विषाणूजन्य रोगावर माझा प्रबंध आहे. नायजेरियातील टीएमई-३ या स्थानिक वाणातील सीएमडी-२ हा रोगप्रतिकाराचा प्रभावी जनुक आहे (म्हणजे त्याची एक प्रतही पुरते) आणि त्याची प्रतिकारक प्रत या वाणात एकच असल्याने, रोगाला बळी पडणाऱ्या वाणाशी केलेल्या संकराच्या पहिल्याच पिढीत निम्मी रोपे प्रतिकारक निघायला हवीत. लागवडीनंतर महिन्याभराने घेतलेल्या आमच्या नोंदींत मात्र रोगट रोपे बरीच जास्त आहेत. इथे आणखी जनुके काम करत आहेत, असे मानावे का?

उत्तर (निवृत्त पैदासकार, बाणेर):
इतक्यात मानू नका. सीएमडी-२ असलेल्या झाडाला लागण होते, पण ते सावरते. आधीच्या पानांवर पिवळट चट्टे पडतात, पाने आक्रसतात, आणि नंतर शेंड्याकडे फुटणारी पाने स्वच्छ निघतात. महिन्यालाच नोंद घेतली की असे झाड रोगट गटात जाऊन बसते आणि गुणसूत्राच्या नकाशावरचे जनुकाचे स्थान विनाकारण सरकते. पिकाच्या वाढीबरोबर पुन्हा पुन्हा नोंदी घ्या आणि शेंड्याची पाने वेगळी तपासा. उलट बाजूही आहे: हा विषाणू पसरवणारी पांढरी माशी सगळीकडे सारखी पोचत नाही, त्यामुळे निरोगी दिसणाऱ्या रोपांवर रोगट फांदीचे कलम करून खात्री केल्याशिवाय त्यांना प्रतिकारक म्हणू नये.

उत्तर (वनस्पती जैवतंत्रज्ञ, पाषाण):
वरील मुद्द्याशी पूर्ण सहमत. प्रतिकारक मातृवृक्षाचे बेणे कुठून आले, हेही पाहा. कॅलसमधून (ऊतिसंवर्धनात वाढणाऱ्या अविभेदित पेशींच्या गोळ्यातून) भ्रूण घडवून पुनर्निर्मित केलेल्या रोपांत सीएमडी-२ चा प्रतिकार नाहीसा होतो, आणि याच कोड्याचा पाठपुरावा करताना बाराव्या गुणसूत्रावरील हा भाग १९० किलोबेसपर्यंत (१ लाख ९० हजार डीएनए अक्षरांपर्यंत) आवळला गेला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनानुसार प्रतिकाराचे मूळ डीएनएची नक्कल करणाऱ्या डीएनए पॉलिमरेज डेल्टा या विकराच्या पहिल्या उपघटकाच्या जनुकातील एका अक्षराच्या बदलात आहे. या विषाणूंकडे स्वतःचे पॉलिमरेज नसते, ते झाडाचेच वापरतात, म्हणून हा निष्कर्ष मला फार पटतो. शेजारच्या मार्करवर (जनुकाजवळच्या डीएनए-खुणेवर) विसंबण्यापेक्षा दोन्ही पालकांतील हा जनुकच वाचून घ्या.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. आमचे प्रतिकारक बेणे ऊतिसंवर्धनातूनच आले आहे. ते कोणत्या पद्धतीने वाढवले, याची चौकशी आजच करते आणि नवीन नोंदी होईपर्यंत गुणोत्तराचे प्रकरण बाजूला ठेवते.