शिबिरातली रात्र
नऊ वर्षांच्या मुलाला मधुमेही मुलांच्या निवासी शिबिराला पाठवलं आणि रात्री साखर उतरली तर कोण बघणार, ही तुमची काळजी अगदी रास्त आहे. दिवसभर पोहणं, पळणं झालं की स्नायू पुढचे कितीतरी तास रक्तातली साखर ओढत राहतात, त्यामुळे झोपेतली घसरण जास्त सांभाळावी लागते. चांगल्या शिबिरात हे धरूनच इन्सुलिनचा डोस बऱ्याचदा आधीच थोडा कमी करतात आणि रात्री उठून साखर तपासतात. ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली गेली तर मुलाच्या वजनाप्रमाणे साधारण १० ते १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. रात्री नर्स किंवा डॉक्टर तिथेच असतात का, ग्लुकागॉन (साखर फारच उतरली तर ती वाढवणारं तातडीचं औषध) हाताशी असतं का, एवढं मात्र फोन करून विचाराच.

अशी शिबिरं नवी नाहीत. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा दिलं १९२२ साली, आणि १९२५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मुलांचं शिबिर भरलंसुद्धा!

माझी लेक शाळेत लपून इंजेक्शन घ्यायची. शिबिरात जेवणाआधी सगळी मुलं एकत्र बसून बोट टोचत होती. चौथ्या दिवशी तिने पोटावर स्वतःच्या हाताने सुई घेतली. दोन वर्षं समजावूनही मला ते जमलं नव्हतं.